शाळेत कॉम्प्युटर आला, पण कॉम्प्युटरच्या सरांची जागा कुठाय?

(पोस्ट मोठी आहे. घरात नववी-दहावीचं पोर असेल किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर करणारं कुणी असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.)

मागच्या रविवारी भाची घरी आली होती. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातली निम्मी पोरं पुण्याला हिंजवडीची स्वप्नं बघतायत. ही मात्र चहा पिता पिता म्हणाली, "मामा, मला शाळेत कॉम्प्युटर शिकवायचाय. त्यासाठी नेमकं काय शिकावं लागतं, तू सांग ना. तू तर शिकवायचास."

मी लगेच "बी.एड. कर" म्हणणार होतो, पण तोंडातून शब्द निघेना. मी स्वतः पाच वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवला, तेव्हा माझ्याकडे बी.एड. नव्हतं, आणि ते असतं तरी काही फरक पडला नसता. कारण ज्या पदासाठी मी शिकलो असतो, ते पदच आपल्या शाळांच्या कागदावर नाही. तिला म्हणालो, "दोन-तीन दिवस दे, नीट सांगतो." त्या दोन-तीन दिवसांत जुनं-नवं बरंच चाळलं, काही आठवलं. तिच्यासाठी जे लिहून काढलं तेच इथं टाकतोय. हा प्रश्न एकट्या तिचा नाही.

एकेकाळी अशी पदवी होती

आपल्याला वाटतं शाळेत तंत्रज्ञान हे नव्या जमान्याचं खूळ आहे. तसं नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच १९५२-५३ साली मुदलियार आयोग नेमला गेला, माध्यमिक शिक्षणासाठी. त्यानं सुचवलं की सगळ्या पोरांना एकाच पुस्तकी साच्यातून काढू नका. शाळा 'बहुउद्देशीय' करा; तिथं शास्त्र आणि कला शाखेबरोबर तंत्रविषय, शेती, वाणिज्य, गृहविज्ञान हेही शिकवा. तशा शाळा देशभर निघाल्या. जुन्या लोकांना टेक्निकल हायस्कूल आठवत असेल. लेथ मशीन, सुतारकाम, खाकी एप्रन.

शाळा निघाल्या, पण शिकवणार कोण हा प्रश्न तेव्हाही आला. इंजिनिअरला पोरं सांभाळता येत नव्हती आणि मास्तरला लेथ चालवता येत नव्हतं. पण त्या काळच्या सरकारनं या प्रश्नाला उत्तर दिलं. १९६३ साली एनसीईआरटीनं चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं काढली. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर. बारकं काम नव्हतं हे. तिथं चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम होते, त्यात तंत्रज्ञान शिक्षकाचाही अभ्यासक्रम होता. म्हणजे विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याचं शास्त्र एकाच वेळी, एकाच छताखाली, चार वर्षं. महाराष्ट्रासाठी भोपाळचं महाविद्यालय होतं.

म्हणजे माझ्या भाचीनं हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी विचारला असता तर तिला निदान एक पत्ता सांगता आला असता.

मग ते बंद का पडलं? इथं गंमत आहे. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. आयोगानं सांगितलं की दहावीपर्यंत पोरांचे असे वेगवेगळे फाटे फोडू नका, सगळ्यांना समान सामान्य शिक्षण द्या. आणि हाताचं काम सुटू नये म्हणून 'कार्यानुभव' हा विषय सगळ्यांनाच ठेवा. विचार चांगलाच होता. गरिबाचं पोर सुतारकामाला आणि सायबाचं पोर गणिताला, असं होऊ नये हा हेतू. पण झालं काय? बहुउद्देशीय शाळा मागे पडल्या, मग त्यांच्यासाठी शिक्षक घडवणारे तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रमही मागे पडले. आणि कार्यानुभव? तो आपण सगळ्यांनी केलाय. खडू तयार करणे, पणत्या रंगवणे, परीक्षेच्या आदल्या रात्री आईकडून रुमालावर टाके घालून घेणे. विषय सगळ्यांना मिळाला, पण त्याचा खास शिक्षक गेला.

हे लक्षात ठेवा. पुढची चाळीस वर्षं हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडणार आहे.

१९८३-८४: तीन दारं एकदम उघडली

त्या दोन वर्षांत महाराष्ट्रापुरत्या तीन गोष्टी जवळजवळ एकत्र घडल्या.

पहिली, पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' सुरू झाली. माझ्या वयाच्या लोकांना दूरदर्शनवरचे ते सकाळचे कार्यक्रम आठवत असतील. सरकारनं टीव्ही शाळेत न्यायचं ठरवलं होतं. ही संस्था २०१७ साली बंद झाली. अनेकांना कळलंही नाही.

दुसरी, त्याच १९८४ साली केंद्रानं 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला. शाळांमध्ये संगणक साक्षरता. सुरुवातीला देशातल्या अडीचशे शाळा. यंत्र होतं इंग्लंडचं बीबीसी मायक्रो. त्याची मेमरी ३२ केबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'सुप्रभात'चा एक फोटो त्यात मावणार नाही! पण त्या प्रकल्पात शिक्षकांचा विचार कसा झाला तो बघा. प्रत्येक शाळेतले तीन शिक्षक निवडायचे, जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा विद्यापीठात त्यांचं थोड्या दिवसांचं प्रशिक्षण करायचं आणि परत पाठवायचं. ते शिक्षक मुळात गणिताचे नाहीतर विज्ञानाचे. त्यांचे नेहमीचे तास तसेच, वर हे एक. बदली झाली की यंत्र एकीकडे आणि शिकलेला मास्तर दुसरीकडे. वीस वर्षांपूर्वी नवं महाविद्यालय काढणाऱ्या देशानं या वेळी शिबिरावर भागवलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी गाजली, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 'विज्ञान आश्रम' सुरू केला. माणूस अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा पीएच.डी., हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर. ते सोडून पाबळला आले. त्यांनी आठवी ते दहावीच्या पोरांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय बांधला. त्याचे चार भाग : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. आठवड्यातला एक दिवस हाताचं काम. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, रक्तगट तपासणी, माती परीक्षण. आणि नुसता सराव नाही. गावातल्या लोकांना लागणारी खरी कामं, खऱ्या पैशांत. एसएससी बोर्डानं हा विषय मान्य केला. आज 'मल्टी स्किल' म्हणून जो विषय काही शाळांत दिसतो, त्याचं मूळ पाबळला आहे.

पण आपल्या मुद्द्याच्या दृष्टीनं बघायचं तर कलबाग सरांनी शिक्षकाचा प्रश्न कसा सोडवला? त्यांनी डिग्री बघितली नाही. गावातलाच, हातात कसब असलेला माणूस निदेशक म्हणून घ्यायचा. आश्रमात एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम काढला, ग्रामीण तंत्रज्ञानाचा. तो करून बाहेर पडलेली कित्येक पोरं पुढे शाळांत निदेशक झाली. याच पाबळमध्ये २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. मुंबई-पुण्यात नाही, पाबळला!

आणि आपलं नाशिक

आता घरची गोष्ट. १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला 'ज्ञानगंगोत्री' उभी राहिली आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे वाक्य आपल्याकडं घरोघरी पोचलं.

मुक्त विद्यापीठानं शिक्षकांसाठी एक मोठं काम केलं. नोकरीत असलेल्या, पण बी.एड. नसलेल्या हजारो गुरुजी-बाईंना नोकरी न सोडता बी.एड. करता आलं. सुट्ट्यांमध्ये संपर्कसत्रं, घरी स्वाध्याय, अभ्यासकेंद्रावर समुपदेशक. सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळेतला मास्तर पुण्याला न जाता प्रशिक्षित झाला. हे साधं नाही.

ताकवले सरांचं म्हणणं असायचं की तंत्रज्ञान म्हणजे नुसतं यंत्र नाही, शिकण्याची पद्धतच त्यानं बदलली पाहिजे. पुढे २००१ साली एमकेसीएल उभी राहिली, तिच्यावरही या विचाराची छाप होती. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स आला आणि महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात, मोठ्या गावात सेंटर निघालं. मराठीतून, पन्नाशीच्या बाईंनाही माऊस हातात धरायला शिकवणारा कोर्स. मी त्याला कधीच नावं ठेवणार नाही.

पण मग सरकारनं तो कोर्स शिक्षकांना सक्तीचा केला, मुदत घातली आणि पगारवाढ त्याला जोडली. मास्तर लोकांनी घाईघाईनं सर्टिफिकेट मिळवलं आणि फाईलला लावलं. यात एक गल्लत झाली, ती अजून निस्तरली नाही. कॉम्प्युटर वापरता येणं वेगळं आणि कॉम्प्युटर शिकवता येणं वेगळं. मला मराठी वाचता-लिहिता येतं म्हणून मी मराठीचा शिक्षक होत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण तसं धरून चाललो.

माझी पाच वर्षं

डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची 'आयसीटी @ स्कूल' योजना आली. ७५ टक्के पैसा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा. महाराष्ट्रानं ती 'बूट' पद्धतीनं राबवली. बूट म्हणजे बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि हस्तांतर करा. रस्ते-पूल बांधतात तसं. खासगी कंपनीनं लॅब उभारायची, आपला माणूस नेमायचा, पाच वर्षं चालवायची आणि मग चावी शाळेला द्यायची. तीन टप्प्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास शाळा यात आल्या.

मी त्यातलाच एक 'आपला माणूस'. २००९ साली निफाड तालुक्यातल्या एका शाळेत लागलो. बी.सी.एस. होतो, वय चोवीस. लॅब झकास होती. नवे मॉनिटर, प्लास्टिकचे कव्हर, बाहेर चपला काढायच्या. पोरं मंदिरात यावीत तशी यायची. पण मस्टरवर माझं नाव नव्हतं. माझी हजेरी वेगळ्या वहीत, कंपनीसाठी. केंद्रानं २०१० साली योजना सुधारली तेव्हा संगणक शिक्षकासाठी महिना दहा हजार धरले होते. माझ्या हातात यायचे तीन हजार. तेही तीन-चार महिन्यांनी एकदम. मध्ये कुठं काय झालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण आज पगाराचं रडगाणं गायचं नाही. दुसरंच सांगायचंय.

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. एका दुपारी आठवीची पोरं पेंटमध्ये चित्रं काढत होती आणि लाईट गेली. लाईट आल्यावर सगळ्यांची चित्रं गायब. एक पोरगा रडकुंडीला आला. म्हणाला, "सर, माझं घर आतच हाय का गेलं?" घराचं चित्र काढलं होतं त्यानं. मी त्याला समजावलं. रॅम म्हणजे तात्पुरती मेमरी, हार्डडिस्क म्हणजे कायमची, सेव्ह केल्याशिवाय डेटा राइट होत नाही वगैरे. कॉलेजात शिकलो होतो तसंच्या तसं. पोरानं मान हलवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा सेव्ह न करताच बसला. आणि तो एकटाच नाही, अख्खा वर्ग.

हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं तर मराठीचे एक सर हसले. निवृत्तीला आलेले, कॉम्प्युटरला हातही न लावणारे. म्हणाले, "अहो सर, फळा आणि वही सांगा की त्यांना. फळ्यावर लिहिलेलं तास संपला की पुसलं जातं. वहीत उतरवून घेतलं तेच घरी जातं."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये फळा नेला. एका पोराला फळ्यावर चित्र काढायला लावलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डस्टर फिरवलं आणि विचारलं, चित्र कुठंय? मग म्हणालो, सेव्ह म्हणजे वहीत उतरवून घेणं. त्या वर्षात पुन्हा कुणाचं चित्र गेलं नाही.

त्या दिवशी मला कळलं की मला काय येत नाही. कॉम्प्युटर मला त्या सरांपेक्षा शंभर पट येत होता. पण पोराच्या डोक्यात आधी काय आहे आणि नवी गोष्ट त्याला कुठं अडकवायची, हे त्यांना येत होतं. ते त्यांना बी.एड.नं आणि तीस वर्षांच्या फळ्यानं शिकवलं होतं. मला कुणी शिकवलंच नव्हतं. नेमणुकीच्या वेळी मला दोन दिवसांचं ट्रेनिंग मिळालं, ते रिपोर्ट कसे भरायचे याचं.

पाच वर्षं झाली, करार संपला. एका शुक्रवारी यादी करून चावी शाळेच्या ऑफिसात दिली. राज्यभर माझ्यासारखे हजारो जण असेच घरी बसले. त्यांनी नागपूरला अधिवेशनावर मोर्चे नेले, आझाद मैदानात बसले. मी एकदाच गेलो. आता दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, बरं चाललंय. दोनेक वर्षांनी त्या शाळेवरून जाताना सहज आत डोकावलो. लॅबला कुलूप. शिपाईमामा म्हणाले, "तुम्ही गेल्यावर कोण उघडणार?"

कायद्यात शोधून बघा

तुम्ही म्हणाल, योजना संपली तरी पद असेलच की. मी शोधलं.

शिक्षण हक्क कायदा २००९. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत. कॉम्प्युटर? नाही.

शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. सहावी ते आठवीच्या पेपरला दोनच वाटा. गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र. कॉम्प्युटर? नाही.

बी.एड. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं. त्यात आयसीटीचा एक छोटा घटक आहे, प्रत्येक शिक्षकाला आपल्या विषयात तंत्रज्ञान कसं वापरावं यासाठी. चांगलं आहे. पण तो कॉम्प्युटर हा विषय शिकवणारा शिक्षक घडवण्यासाठी नाही.

आणि आपली संचमान्यता. शाळेत किती पटाला किती शिक्षक, ते ठरवणारा कागद. त्यात पद नसलं तर पगार नाही. पगार नाही तर भरती नाही. भरती नाही तर त्यासाठीचा अभ्यासक्रम कोण काढणार, आणि काढला तर करणार कोण? ही अशी गाठ बसली आहे.

आता शेजारच्या खोल्यांत डोकावू. आयटीआयमधल्या शिक्षकासाठी एक वर्षाचा खास अभ्यासक्रम आहे, सीआयटीएस. आधी ट्रेड शिका, मग तो ट्रेड शिकवायला शिका. मुंबईत चुनाभट्टीला त्याची जुनी केंद्रीय संस्था आहे. पॉलिटेक्निकच्या शिक्षकांसाठी भोपाळला राष्ट्रीय संस्था आहे. चित्रकलेच्या शिक्षकासाठी एटीडी आहे. पीटीच्या सरांसाठी बी.पी.एड. आहे. पोरांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्यासाठी काही नाही.

बाहेरच्या राज्यांनी यातून दोन वेगळ्या वाटा काढल्या. केरळनं २००१ साली 'आयटी @ स्कूल' सुरू केलं. त्यांनी कंत्राटी माणसं आणण्यापेक्षा आपल्याच शिक्षकांतून मास्टर ट्रेनर तयार केले, फुकट मिळणारं लिनक्स वापरलं आणि आयटी हा विषय दहावीच्या परीक्षेत घातला. आज 'काइट' नावानं ती सरकारी कंपनीच झाली आहे. राजस्थाननं उलट केलं. त्यांनी संगणक निदेशकाचा स्वतंत्र केडरच काढला आणि २०२२ साली परीक्षा घेऊन दहा हजारांहून जास्त जागांची भरती केली. दोन्हींत खोट काढता येईल. पण दोघांनी काहीतरी ठरवलं. आपण कंपनीला पाच वर्षं चालवायला दिलं आणि चावी परत घेतली.

आणि आपल्याकडं गुणवत्ता नाही असं कोण म्हणेल? २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळवणारे रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून ते अध्यापक विद्यालयात गेले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारा हा माणूस. तंत्रज्ञानाची आवड आणि शिक्षकाचं प्रशिक्षण एका माणसात आलं की काय होतं ते जगानं बघितलं. पण ते एका माणसाच्या धडपडीतून झालं, व्यवस्थेतून नाही. डिसले गुरुजी एखादाच होणार. साधा, चांगला, पगार मिळणारा कॉम्प्युटर शिक्षक गावोगाव लागतो.

आत्ता हे का सांगतोय

कारण पुन्हा एकदा पेटी यायला लागली आहे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे. केंद्रानं आता तिसरीपासून एआय आणि संगणकीय विचार आणायची घोषणा केली आहे. २०२३-२४ च्या यूडायसच्या आकड्यांनुसार देशातल्या फक्त ५७ टक्के शाळांत चालू कॉम्प्युटर होते, इंटरनेट त्याहून कमी. हा आकडा वाढेल, वाढवतीलच, कारण यंत्राचं टेंडर निघतं. माणसाचं निघत नाही. आणि निघालं तर माझ्यासारखं निघतं.

१९८४ ला शिबिर, २००१ नंतर सर्टिफिकेट, २००९ ला कंत्राट. आता कदाचित अ‍ॅप. चाळीस वर्षांत यंत्रं चार वेळा बदलली, पण एकदाही कुणी १९६३ सारखं विचारलं नाही की शिकवणार कोण, आणि तो कुठं शिकणार?

नाशिककर म्हणून मला हे जास्त बोचतं. मुक्त विद्यापीठ आपलं. नोकरीतल्या शिक्षकांना लांबून शिकवायचा पस्तीस वर्षांचा अनुभव आपल्या गोवर्धनमध्ये आहे. मविप्र, गोखले एज्युकेशन सोसायटी यांच्यासारख्या शंभरीपार संस्था आणि त्यांच्या शाळा आपल्याकडं आहेत. बी.सी.एस., बी.सी.ए. झालेली पोरं दरवर्षी ढिगानं बाहेर पडतायत. सगळं साहित्य ओट्यावर आहे, फक्त कुणी फोडणी घालायला तयार नाही.

माझं म्हणणं तीनच गोष्टींचं.

एक, संचमान्यतेत संगणक शिक्षकाचं पद घाला. सुरुवातीला दोन-तीन शाळांना मिळून एक असला तरी चालेल, पण कायम आणि मस्टरवर.

दोन, त्या पदासाठी खरं शिक्षण ठेवा. कॉम्प्युटरचा पदवीधर असेल तर त्यानं कॉम्प्युटर शिकवण्याचं शास्त्र शिकावं आणि शाळेत सराव करावा. आधीच बी.एड. असलेला गणित-विज्ञानाचा शिक्षक असेल तर त्यानं नोकरीत राहून कॉम्प्युटर शिकावा. दुसरी वाट तर मुक्त विद्यापीठ सहज काढू शकेल.

तीन, जे कंत्राटी शिक्षक पाच-पाच वर्षं शिकवून घरी बसले, त्यांचा अनुभव धरा. सगळ्यांना घ्या असं म्हणत नाही. परीक्षा घ्या, प्रशिक्षण द्या, पण दार उघडा. मी स्वतः आता अर्ज करणार नाही, माझं वय गेलं. त्यामुळे हे माझ्यासाठी मागतोय असं समजू नका.

भाचीला काय सांगितलं

बुधवारी रात्री तिला फोन केला. खरं ते सांगितलं.

म्हणालो, "तू म्हणतेस त्या नावाची सरळ वाट महाराष्ट्रात नाही. आडवाटा आहेत. एम.एस्सी. कॉम्प्युटर किंवा एमसीए केलंस तर केंद्रीय विद्यालयात कॉम्प्युटर सायन्सचं पीजीटी पद आहे. आपल्याकडं ओझरला, देवळालीला केंद्रीय विद्यालयं आहेत, पण जागा मोजक्या. अकरावी-बारावीला आयटी हा विषय आहे, पण तिथं बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित कारभार. शिकवण्याच्या साधनांवर काम करायचं असेल तर मुंबईत एसएनडीटीचा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा जुना विभाग आहे, आयआयटी मुंबईत २०१० पासून त्यात पीएच.डी. होते. पण ते शाळेच्या वर्गापासून जरा लांब जातं. आणि बी.एड. करून गणिताची शिक्षिका झालीस, तर शाळा तुझ्याकडं कॉम्प्युटरही सोपवेल. नक्की सोपवेल. पगार मात्र गणिताचा मिळेल."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे गणिताच्या दारानं आत जायचं."

म्हणालो, "हो. पण बी.एड. मन लावून कर, नुसतं कागदासाठी नको. मला फळा आणि वही सांगायला एक मराठीचे सर भेटले होते. तुला भेटतीलच असं नाही."

तिनं बी.एड.च्या सीईटीचं ठरवलंय. मला बरंही वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

आता तुमच्याकडं एक मागणं. तुमचं पोर ज्या शाळेत जातं तिथली कॉम्प्युटर लॅब उघडी आहे का, आणि तिथं शिकवायला कोण आहे, एवढंच पुढच्या पालकसभेत विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर ठरावात लिहून घ्या. उत्तर मिळालं की इथं खाली लिहा, तालुक्याच्या नावासकट. शाळेचं नाव नको, मुख्याध्यापकांना उगाच त्रास नको. सगळी उत्तरं एकत्र करून मी आपल्या आमदारांपर्यंत आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागापर्यंत नेईन.

आणि त्या आठ हजार शाळांतले कुणी 'कॉम्प्युटरवाले सर' किंवा मॅडम हे वाचत असतील, तर त्यांनीही लिहावं. आपली हजेरी वेगळ्या वहीत होती, पण आपण होतो.